सोसायटी ग्रुप: नाटकाच्या पदवीसाठी बारा लाखांचं कर्ज?

ए-३०४: मंडळी, विषय जरा घरगुती आहे, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. धाकटीला बारावीनंतर नाटकच शिकायचंय. एका खाजगी विद्यापीठात तीन वर्षांच्या पदवीला निवड झालीय. फी वर्षाला ४ लाख. बँक कर्ज द्यायला तयार आहे. घ्यावं का?

सी-५०१: नाटक करून पोट भरतं का हो? आधी इंजिनिअरिंग करू दे, मग हवी तेवढी नाटकं.

बी-२०३: काका, माझा भाऊ इंजिनिअर होऊन दोन वर्षं घरीच होता 😄

डी-१०१: ए-३०४, बँकेत असताना शैक्षणिक कर्जाची बरीच प्रकरणं हाताळली, म्हणून फक्त आकडे सांगतो. दर वर्षी ४ लाख उचललेत आणि दर ११ टक्के धरला, तर शिक्षणाची तीन वर्षं आणि त्यापुढचं एक सवलतीचं वर्ष मिळून साध्या व्याजानेच ३ लाख ९६ हजार चढतात. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच १२ चे जवळपास १६ लाख झालेले असतील. दहा वर्षांची मुदत घेतलीत तर हप्ता साधारण २२ हजार. एकूण भराल २६ लाखांच्या वर.

ए-३०४: बापरे. बँकेतला मुलगा म्हणाला, 'काका, आत्ता काहीच भरायचं नाही.'

डी-१०१: बरोबरच बोलला तो. आत्ता नाही, नंतर. जमलं तर शिकत असतानाच व्याज भरत राहा, मुद्दल तरी फुगणार नाही. आणि साडेसात लाखांच्या वर बँका साधारणपणे तारण मागतात. तुम्ही काय देणार, हा फ्लॅट? विद्यालक्ष्मी योजनेत तारण लागत नाही, पण ती ठरावीक दर्जेदार संस्थांनाच आहे. तुमचं विद्यापीठ यादीत आहे का ते आधी पाहा.

ए-३०४: शैक्षणिक कर्जावर प्राप्तिकरात सूट मिळेल ना?

डी-१०१: फक्त व्याजावर, आठ वर्षं, तीही जुनी कररचना घेतलीत तर. त्या भरवशावर कर्ज काढू नका.

ए विंग सेक्रेटरी: टँकर साडेअकराला येतोय. गेटसमोरची पांढरी गाडी कोणाची आहे, हलवा.

सी-१०२: दादा, मी प्रकाशयोजना करतो, नाटकावरच घर चालतं, म्हणून बोलतो. व्यावसायिक नाटकात नाइट मिळते, म्हणजे प्रयोगाचे पैसे. प्रयोग नाही तर नाइट नाही. तालमीचे दिवस बहुतेक वेळा फुकटच धरायचे. परीक्षांच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत प्रयोग कमी होतात. मालिका मिळाली तर दिवसावर ठरतं, पण चेक कधी कधी नव्वद दिवसांनी. प्रायोगिकमध्ये तर चहा-वडापाव आपणच आणायचा. एखाद्या महिन्यात ६० हजार, पुढच्या दोन महिन्यांत काहीच नाही. आता यात दर महिन्याच्या ५ तारखेला २२ हजार कुठे बसवणार?

सी-५०१: तेच तर म्हणतोय मी!

सी-१०२: नाही काका, तुम्ही नाटकच नको म्हणताय. मी कर्ज नको म्हणतोय. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मधे अर्ध्या क्षमतेने उघडली, परत बंद, आणि शेवटी २२ ऑक्टोबर २०२१ ला पडदा वर गेला. बँकांनी हप्त्याला सहा महिने सवलत दिली होती, पण व्याज चालूच. ज्यांच्या डोक्यावर हप्ता होता, त्यांतले काही ओळखीचे दुसऱ्या नोकरीला लागले ते परत आलेच नाहीत. अभिनय येत होता त्यांना. हप्त्याने नाटक सुटलं.

बी-६०१ (न्यू जर्सी): इथेही हेच आहे. हार्वर्डशी जोडलेल्या अमेरिकन रेपर्टरी थिएटरच्या संस्थेने २०१७ मध्ये नवे प्रवेश थांबवले. तिथून बाहेर पडणाऱ्यांवर सरासरी ७८ हजार डॉलरच्या आसपास कर्ज आणि कमाई वर्षाला साधारण ३६ हजार, हे सरकारी तपासणीत आलं होतं. नाव हार्वर्डचं असून! उलट येलच्या नाट्यविद्यालयाला २०२१ मध्ये डेव्हिड गेफन यांनी १५ कोटी डॉलर दिले आणि तिथली शिकवणी फी माफ झाली. म्हणजे तिथला रस्ताही फी कमी करण्याचाच.

बी-२०३: मग पर्याय काय? मुलीला नाही कसं म्हणायचं?

सी-१०२: नाही कशाला म्हणायचं! पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकाची पदवी आहे, बारावीनंतर. निवड चाचणी घेतात. फी या आकड्याच्या जवळपासही नाही, आणि घरून सिटीबसने जाता येतं. तिथे नाही झालं तर कुठलीही स्वस्तातली बीए घ्यायची आणि पुरुषोत्तम, फिरोदिया या कॉलेजांच्या करंडक स्पर्धांना उतरायचं. पदवी झाली की दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची परीक्षा. त्यांना पदवीधर आणि किमान सहा नाटकांचा अनुभव लागतो, म्हणजे ही तीन वर्षं वाया नाहीत. तिथे तर विद्यार्थ्यालाच दरमहा शिष्यवृत्ती मिळते. बारा लाखांच्या शेजारी हे ठेवून बघा.

बी-४०५: पण खाजगीत कॅमेरा, स्टुडिओ, ओळखी मिळतात. मुलीचं मन तिकडे असेल तर?

सी-१०२: ओळखी तालमीच्या हॉलमध्ये होतात ताई. बाकी स्टुडिओ खरंच चांगला असतो, ते नाकारत नाही. घरच्यांना परवडत असेल तर जरूर जावं.

डी-१०१: माझा साधा नियम: पहिल्या नोकरीत वर्षाला जेवढे मिळतील त्याच्या वर कर्ज जाऊ द्यायचं नाही. इथे 'पहिली नोकरी' हा शब्दच बसत नाही, तर आणखी खाली. फार तर ४ लाख, तेवढ्यापर्यंत बँका साधारणपणे तारणही मागत नाहीत.

सी-५०१: मी अजूनही म्हणतो बी.कॉम. कर.

ए-३०४: मुलगी वाचतेय हे सगळं. म्हणते, 'बी.कॉम. करेन, पण पुरुषोत्तम असलेल्या कॉलेजातच.' 😅 ललित कला केंद्राचा फॉर्म भरतोय. पण खाजगीवाल्यांनी जागा राखायला ५० हजार भरून घेतलेत. परत मिळतील का?

डी-१०१: पावतीवर आणि माहितीपत्रकात परताव्याची मुदत लिहिलेली असेल. फोनवर विचारू नका, ईमेल करा, उत्तर लेखी घ्या. दोन्हीचे फोटो मला वेगळे पाठवा.