कंडेन्सर एन्लार्जरमध्ये एलईडी दिवा लावल्यावर प्रिंट कडक (जास्त कॉन्ट्रास्टचे) का येतात?

प्रश्न
माझ्या कंडेन्सर एन्लार्जरमधील (निगेटिव्हवर भिंगांनी प्रकाश एकवटून पेपरवर मोठा प्रिंट काढणाऱ्या यंत्रातील) 75 वॅटचा ओपल (दुधी काचेचा) बल्ब गेला आणि तसा दुसरा न मिळाल्याने मी थंड पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी दिवा बसवला. पूर्वी ग्रेड 2 च्या (मध्यम कॉन्ट्रास्टच्या) फिल्टरवर ज्या निगेटिव्हचे प्रिंट समाधानकारक येत, तेच आता सावल्यांमध्ये काळेकुट्ट होतात, आणि तरीही पांढरे भाग मळकट दिसतात. डिफ्यूजन हेड (प्रकाश एकवटण्याऐवजी पसरवून देणारे दिव्याचे हेड) घेतल्यास हा प्रश्न सुटेल का?

उत्तर 1
हेड घेण्याची घाई करू नये, कारण आपण दिवा बदलला आहे, कंडेन्सर नव्हे. कंडेन्सरचा एकवटलेला प्रकाश निगेटिव्हच्या दाट भागातील चांदीच्या कणांवर विखुरतो आणि त्यातला बराचसा लेन्सपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून डिफ्यूजनच्या तुलनेत प्रिंट साधारण एका ग्रेडने कडक येतो. यालाच कॅलिए परिणाम म्हणतात. आंद्रे कॅलिए यांनी 1909 मध्ये तो मांडला. रंगीत निगेटिव्हमध्ये चांदीऐवजी रंगद्रव्य उरत असल्याने तिथे हा फरक जवळजवळ जाणवत नाही. आपल्याकडे मात्र बदलला आहे तो प्रकाशाचा रंग. मल्टिग्रेड पेपर निळ्या प्रकाशात कडक आणि हिरव्या प्रकाशात मऊ वागतो, आणि थंड पांढऱ्या एलईडीत 450 नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंच सुळका असतो, जो टंगस्टनच्या (जुन्या तारेच्या बल्बच्या) पिवळसर प्रकाशात नसतो. 00 ते 3½ पर्यंतच्या फिल्टरांना एकच वेळ आणि 4, 5 ला दुप्पट, हा हिशेबही टंगस्टन गृहीत धरूनच केलेला आहे. तेव्हा फिल्टरवरचा आकडा तूर्त विसरून, 0.15 घनतेच्या अंतराने 21 पायऱ्या असलेली स्टेप वेज (क्रमाने गडद होत जाणारी फिल्मची पट्टी) प्रत्येक फिल्टरवर एकदा छापावी आणि शुद्ध काळा ते शुद्ध पांढरा यांमध्ये किती पायऱ्या दिसतात ते मोजावे. आपल्या दिव्याचे खरे ग्रेड त्यातूनच कळतील.

उत्तर 2
वरील खुलाशाने कडकपणा समजतो, मळकट पांढरा समजत नाही. माझा संशय दिवा चालू-बंद करणाऱ्या टाइमरवर आहे. टंगस्टनसाठी बनवलेल्या काही इलेक्ट्रॉनिक टाइमरांतून बंद अवस्थेतही किंचित वीज झिरपते. तेवढ्याने जुना बल्ब पेटत नसे, एलईडी मात्र मिणमिणत राहतो. असा चुकार प्रकाश तपासण्यासाठी कोऱ्या पेपरवर नाणे ठेवून केलेली चाचणी इथे फसवी ठरते, कारण अगदी थोडा प्रकाश कोऱ्या पेपरवर उमटत नाही. आधी पेपरला फिकट राखाडी येईल एवढाच प्रकाश द्यावा, मग त्यावर नाणे ठेवून लेन्स पूर्ण उघडी व टाइमर बंद अशा स्थितीत पाच मिनिटे थांबावे, आणि नंतर डेव्हलप करावे.

उत्तर 3
पुढेमागे डिफ्यूजन हेड घेतलेच, तर निगेटिव्ह थोडी अधिक डेव्हलप करण्याची तयारी ठेवावी, नाहीतर सगळेच प्रिंट मऊ येतील. धूळ आणि ओरखडे त्यावर कमी उठून दिसतात. माझ्या मते तेवढ्यासाठीच ते घेण्यासारखे आहे.

प्रश्नकर्ता
नाण्याचे वर्तुळ स्पष्ट उमटले. खोलीत पूर्ण अंधार करून दहा मिनिटे थांबल्यावर हेडच्या फटीतून निळसर मिणमिण डोळ्यांनाही दिसली. आता टाइमर आणि दिवा यांच्यामध्ये रिले (दिव्याची वीज पूर्ण तोडणारा विजेवर चालणारा स्विच) बसवला असून पांढरे भाग स्वच्छ येत आहेत. वेजप्रमाणे माझा ग्रेड 2 चा फिल्टर आता जवळपास 3 सारखा वागतो, त्यामुळे तूर्त मी 1 वरून सुरुवात करतो.