मदत हवी आहे: दूरच्या मंडळीशी सहभागिता कशी टिकवावी?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. नाशिकच्या शरणपूर परिसरातील आमचा महिला गट सुरगाणा तालुक्यातील एका लहान ख्रिस्ती मंडळीला (चर्चला) दरमहा वर्गणी पाठवतो. पैसे वेळेवर पोहोचतात, पण तिकडची आजारपणे, बाप्तिस्मे, पावसात गळणारे प्रार्थनागृह यांची खबर आम्हाला महिनोन्महिने कळत नाही, आणि ही सहभागिता पावतीपुस्तकापुरती उरते याचे मनापासून वाईट वाटते. बायबलमध्ये फिलिप्पै शहरातील मंडळीने बंदिवासातील प्रेषित पौलाला आपल्यातल्या एपफ्रदीत नावाच्या बंधूच्या हाती देणगी पाठवली आणि एपफ्रदीत आजारी पडल्याची बातमीही तिच्यापर्यंत पोहोचली (फिलिप्पै 2:25-30; 4:18). देणे आणि ख्यालीखुशाली तिथे बरोबरीने चालत होती. मोबाईलला जेमतेम रेंज असलेल्या गावाशी नियमित संपर्क कोणी, कसा राखला आहे? तेथील बंधुभगिनींना हिशेब मागितल्यासारखे वाटू नये, अशी विचारणा कोणत्या शब्दांत करावी?