श्रेणी, ग्रेड, श्रेयांक आणि ‘मार्क पडले’: कोणता शब्द कशाला?

परभणीहून विचारणा:

माझी भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला हाय, तिच्या प्रगतीपत्रकावर गणिताला श्रेणी ब-2 आलीय आणि भाच्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर द्वितीय श्रेणी. आता आमचे बाबा म्हणायलेत की ब म्हणजे दुसरा नंबर, त्यात पुन्हा 2, म्हणजे पोरगी त्याच्याहून मागं पडली. पुतणीच्या बी.ए.च्या निकालात तर श्रेयांक म्हणून वेगळाच रकाना हाय. ह्यातलं कशाला काय म्हणायचं ते कुणी नीट सांगल का?

बीड जिल्ह्यातून एक शिक्षक:

ताई, बाबांना सांगा पोरगी मागं पडलेली नाई. पहिली ते आठवीच्या तक्त्यात ब-2 म्हणजे 61 ते 70 टक्के. अ-1 हे 91 च्या वर, अ-2 हे 81 ते 90, ब-1 हे 71 ते 80, मग ब-2, पुढं क-1, क-2, 33 ते 40 ला ड आणि त्याच्या खाली इ-1, इ-2. दहावीला मात्र 75 च्या वर विशेष प्रावीण्य, 60 पासून प्रथम श्रेणी, 45 पासून द्वितीय आणि 35 पासून नुसती उत्तीर्ण श्रेणी. म्हणजे तुमच्या भाचीचं ब-2 दहावीच्या भाषेत प्रथम श्रेणीत बसतं आणि भाचा तिच्या खाली हाय! बाबांचा काही दोष नाई, आपल्याकडं एकाच ‘श्रेणी’ शब्दाला दोन वेगळ्या कामाला जुंपलंय, दहावीत पूर्ण निकालाचा क्लास सांगायला आणि खालच्या वर्गात प्रत्येक विषयाचं अक्षर सांगायला. आणि दहावीच्या त्याच गुणपत्रिकेवर पुन्हा आरोग्य व शारीरिक शिक्षणासारखे ‘श्रेणी विषय’ असतेत, त्यांना गुण नसतेत, नुसती अक्षरं. माझं मत सरळ हाय, अक्षराला ‘ग्रेड’ म्हणावं, तो शब्द आता गावातल्या आजीलाबी कळतो, आणि ‘श्रेणी’ प्रथम-द्वितीयसाठी राहू द्यावी. ‘दर्जा’ मी लेकराच्या निकालाला कधीच वापरत नाई, दर्जा शाळेचा असतो, मालाचा असतो, लेकराचा दर्जा काय म्हणून ठरवायचा आपण.

आता दुसरी जोडी, आकारिक आणि संकलित. शिक्षण हक्क कायदा 2010 च्या एप्रिलमध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आलं, तेव्हापासून हे शब्द आमच्या तोंडात बसलेत. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. आकारिक म्हणजे वर्षभर चालता चालता घेतलेलं, तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय. पहिली-दुसरीला आकारिक 70 आणि संकलित 30, तिसरी-चौथीला 60-40, पाचवी-सहावीला निम्मंनिम्मं आणि सातवी-आठवीला 40-60. पालक विचारतेत, आकारिक म्हणजे चित्रकलेचे मार्क का? नाई, लेकराला आकार देत देत तपासायचं असा अर्थ काढलेला हाय, शब्द चांगला हाय पण तो कुणी पालकसभेत उलगडून सांगत नाई.

‘मूल्यमापन’ शब्दाची कसोटी मला विचाराल तर गुणांच्या रकान्यात नाई, शेवटच्या वर्णनात्मक नोंदीत लागती. तिथं ‘सुधारणा आवश्यक’ असा एक रकाना असतो आणि त्यात तयार पीडीएफमधून उतरवलेलं ‘नियमित अभ्यास करावा’ हे वाक्य वर्गातल्या निम्म्या लेकरांपुढं सापडतं. त्याच्यातून पुढच्या वर्गशिक्षकाला काय कळायचं? तेच एखाद्या बाईंनी लिहिलेलं असतं, ‘भागाकारात भाग जात नसेल तर भागाकाराच्या जागी शून्य लिहायचं विसरते, 612 भागिले 6 चं उत्तर 12 काढते.’ बगा, एका ओळीत लेकरू कुठं अडलंय ते दिसलं, जून महिन्यात पहिल्याच दिवशी तिथून सुरुवात करता येती. नुसतं 100 पैकी 62 लिहिलं तर ते मापन झालं, आणि ह्या बाईंनी केलं ते मूल्यमापन. दोन्ही लागतं, पण एकाला दुसऱ्याचं नाव देऊ नये. ‘मूल्यांकन’ मी घराचं, जमिनीचं, नाहीतर कॉलेजात नॅकचं (कॉलेजांची तपासणी करून ग्रेड देणारी संस्था) म्हणतो, फक्त दहावी-बारावीला ‘पुनर्मूल्यांकन’ रूढ झालंय म्हणून तिथं तेच चालू द्यावं. पण गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन एक नव्हं हे लक्षात ठेवा, पडताळणीत बेरीज आणि तपासायचं सुटलेलं उत्तर बघतेत, पुनर्मूल्यांकनात उत्तर पुन्हा तपासतेत. कुणी फॉर्म भरायचा असला तर आधी हे बघून घ्यावं.

नांदेडहून, कॉलेजात शिकवणारे:

सरांनी शाळेचं सांगितलं, मी श्रेयांकाचं सांगतो. श्रेयांक म्हणजे क्रेडिट, त्याचा तुमच्या पुतणीच्या हुशारीशी संबंध नाई, तो विषयाच्या वजनाचा आकडा हाय. थिअरीचे साधारण 15 तास म्हणजे 1 श्रेयांक, प्रात्यक्षिकाला 30 तास लागतेत. तिनं पेपरात काय केलं ते ग्रेड पॉइंट सांगतो, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 10 गुणांच्या पद्धतीत ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी म्हणजे नुसतं पास त्याला 4, आणि एफ ला शून्य. आता समजा 4 श्रेयांकाच्या विषयात तिला 8 आणि 2 श्रेयांकाच्या विषयात 10 मिळाले, तर साधी सरासरी 9 येती, पण एसजीपीए (सत्राची श्रेयांकानुसार काढलेली ग्रेड पॉइंटची सरासरी) तसा निघत नाई, 4 गुणिले 8 झाले 32, 2 गुणिले 10 झाले 20, एकूण 52 भागिले 6, म्हणजे 8.67. पोरं दरवर्षी माझ्याकडं येतेत, सर आमचा निकाल चुकलाय म्हणून, आणि निघतं हेच. आणि 8.67 म्हणजे 86.7 टक्के असं परस्पर धरू नका, आपापल्या विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र बघा, नोकरीच्या फॉर्मवर तेच चालतं.

मला मात्र नामांपेक्षा क्रियापदांचं जास्त वाटतं. आपल्याकडं ‘मार्क पडतेत’. किती पडले? पैकीच्या पैकी पडले. पाऊस पडावा तसे वरून पडतेत, देणारा कुणीच नाई आणि कमावणारापण नाई. पास झालं की ‘मार्क काढले’, कमी आले की ‘सरांनी मार्क कापले’. इंजिनिअरिंगचं पोरगं म्हणतं ‘विषय निघाला’, राहिला तर ‘बॅक लागली’. मी वर्गात ‘मार्क दिले’ असंच म्हणतो, ते कुठं दिले आणि कुठं नाई दिले हे उत्तरपत्रिका पुढं ठेवून दाखवतो. देणारा म्हणून माझी जबाबदारी शब्दात दिसली पाहिजे.

बीडचे शिक्षक:

सर, ‘पडले’ चं एकदम पटलं. टक्क्यांचंबी असंच हाय. 2024 ला दहावीत राज्यात 187 लेकरांना 100 टक्के होते, त्यातले 123 तुमच्या लातूर विभागातले, आनंदच हाय, लेकरांनी आणि शिक्षकांनी घाम गाळलाय. पण तिथं ‘100 टक्के’ चा अर्थ सहाच्या सहा विषयांत पैकीच्या पैकी असा होत नाई, त्यात बेस्ट ऑफ फाइव्ह (जास्त गुणांचे पाचच विषय धरायचे) असतं आणि कला-क्रीडेचे सवलतीचे गुण धरलेले असतेत. हे न सांगता शेजारच्या 84 टक्केवाल्या लेकराला टोचून बोलणं मला सहन होत नाई.

परभणीच्या ताई:

खूप कळालं, बाबांना वाचून दाखवलं. अजून एक, शेजारी म्हणतेत आता पाचवीला पुन्हा नापास करायलेत, खरं का? आणि ढकलपास हा शब्द बरोबर हाय का?

बीडचे शिक्षक:

खरं हाय ताई. 2023 ला राज्यानं नियम बदलला, पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, त्यात राहिलं तर पुरवणी अध्यापन आणि फेरपरीक्षा, तिच्यातबी नाई जमलं तर त्याच वर्गात. ‘नापास’ शब्द बाकी मजेशीर हाय, ‘ना’ फारसी आणि ‘पास’ इंग्रजी, तरी मराठीत असा मुरलाय की अनुत्तीर्ण म्हणलं तर कुणाला लागत नाई आणि नापास म्हणलं की लागतं. म्हणून मी पालकाला ‘फेरपरीक्षा द्यायचीय’ असं सांगतो. ‘ढकलपास’ मी वापरत नाई, त्यात ढकलणारे आपण आणि बोल लेकराला.

माझ्या तालुक्यात ज्याचा अर्थ सगळ्यात जास्त चुकतो तो शब्द ‘गैरहजर’. ऊसतोडीला दिवाळीच्या आसपास कुटुंबं निघतेत, मार्च-एप्रिलला परततेत, दुसऱ्या सत्रात त्या लेकरापुढं सगळीकडं गैरहजर येतं. ते काही शाळा बुडवून हिंडत नव्हतं, ते फडावर धाकट्या भावाला सांभाळत होतं. म्हणून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित लेकराला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून देतेत ते) बरोबर दिलेलं असलं तर तिकडच्या शाळेतल्या नोंदी मागवून घ्याव्यात, आणि कार्ड नसलं तर ‘स्थलांतरित, मूल्यमापन बाकी’ असं लिहावं, परत आल्यावर तोंडी आणि छोटी लेखी घेऊन त्याच पानावर नोंद पुरी करावी.