बुटीबोरीच्या आसपास कमी खर्चात घर : प्लॉट, फ्लॅट की सिंदीतील जुने घर?

समुद्रपूरकर

नमस्कार. मी मूळचा समुद्रपूर तालुक्यातील असून बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाळीने नोकरी करतो. हाती महिन्याला २७ हजार रुपये येतात, पत्नीच्या शिवणकामाचे थोडे वेगळे. नागपूरला दक्षिणेकडे भाड्याने राहतो. दर अकरा महिन्यांनी भाडे वाढते आणि मुलांची शाळा बदलण्याची भीती कायम असते. गावाकडचे घर आणि वावर वडिलांच्या नावावर आहे. पाच लाखांची शिल्लक जमली आहे, त्यापलीकडे जे काही लागेल ते कर्जच.

नागपूर शहरात घर घेणे आमच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून तीन पर्याय पाहिले आहेत. उमरेड रोडला आत एका गावाजवळ १२०० चौरस फुटांचा प्लॉट सात लाखांत मिळतो. मात्र जमीन अजून शेतीची आहे आणि सातबाऱ्यावर सर्व घेणाऱ्यांची नावे एकत्र चढतील, असे दलाल सांगतो. बुटीबोरीत एका खोलीचा आणि हॉल-किचनचा तयार फ्लॅट १९ लाखांना आहे. तिसरे म्हणजे वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथे जुन्या वस्तीतील कवेलूचे घर, आठ लाख रुपये, मागे छोटे अंगण. दलाल महिनाअखेरपर्यंत प्लॉटचा इसार मागतो आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वेणाकाठ

भाऊ, सर्वप्रथम एक विनंती : त्या प्लॉटसाठी एक रुपयाही इसार देऊ नका. तुम्ही वर्णन केलेला प्रकार अविभक्त हिस्स्याच्या विक्रीचा आहे. शेतकऱ्याच्या एकराच्या वावरात चुन्याच्या रेषा मारून पंधरा-वीस जणांना हिस्सा विकला जातो, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे एकाखाली एक चढतात, पण नकाशावर तुमचा तुकडा कुठेच नसतो. उद्या वाटणी करायची म्हटली तर त्या सगळ्यांची संमती लागते, आणि मंजूर रेखांकन नसल्यामुळे बांधकामाची परवानगी मिळत नाही, म्हणून बँकही कर्ज देत नाही. तुमची पाच लाखांची शिल्लक त्या मातीत अडकून पडेल आणि भाडे मात्र सुरूच राहील.

उमरेड रोडचा बराच पट्टा आता नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतो. तिथे प्लॉट घ्यायचाच असेल तर तो एन.ए., टी.पी. आणि आर.एल. या तिन्ही कसोट्यांवर उतरला पाहिजे. एन.ए. म्हणजे जमीन अकृषिक झाल्याचा आदेश, टी.पी. म्हणजे रेखांकनाची मंजुरी, आणि आर.एल. म्हणजे रस्ते, नाल्या, वीज, उघडी जागा ही कामे पूर्ण झाल्यावर प्राधिकरण प्लॉट विक्रीसाठी मोकळे करते ते पत्र. जाहिरातीत ‘आर.एल. प्रस्तावित’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ आर.एल. नाही इतकाच घ्यावा. गुंठेवारी, म्हणजे परवानगीविना पाडलेले छोटे भूखंड, नियमित करण्याचा २००१ चा कायदा आहे आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या अशा भूखंडांसाठी वाढवली गेली, हे दलाल मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. पण ती सवलत त्या तारखेपर्यंत पडलेल्या भूखंडांसाठी आहे, आज नव्याने तुकडे पाडलेले वावर घेणाऱ्यासाठी नाही. तुकडेबंदीच्या, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे विकण्यावरील बंदीच्या, नियमांतही २०२५ मध्ये निवासी क्षेत्रांपुरती ढील मिळाली आहे. तरी व्यवहार नियमित झाला म्हणजे रस्ता आणि नाली झाली, असे होत नाही.

सातबारा पाहताना बहुतेक लोक फक्त मालकाचे नाव वाचतात. माझे कळकळीचे सांगणे आहे की ‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश वाचा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद आणि उमरेड, कुही, भिवापूर या भागांत गोसीखुर्द प्रकल्पाच्या पुनर्वसनासंबंधीची नोंदही तिथेच सापडते. भूधारणा भोगवटदार वर्ग-२ असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही, आणि जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ खालील मंजुरी लागते. ती नसलेला व्यवहार पुढे रद्द होऊन जमीन परत गेल्याची उदाहरणे विदर्भात पुष्कळ आहेत. ‘मुखत्यारपत्रावर देतो, रजिस्ट्री नंतर’ असे कोणी म्हटले तर तिथून उठावे. मुखत्यारपत्र आणि ताबापत्र यांनी मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

आणखी एक गोष्ट जागेवर जाऊन पाहावी : रस्ता. नकाशात नऊ मीटर दाखवलेला रस्ता प्रत्यक्षात पांदण असतो. उन्हाळ्यात तिथून चारचाकी आरामात जाते आणि आषाढात बैलगाडीचे चाकही आसापर्यंत रुतते. ज्याला पहाटे पाळीवर जायचे आहे त्याने तो रस्ता पावसाळ्यात पाहिल्याशिवाय पैसे बांधू नयेत.

आर्वीची लेक

वेणाकाठ यांच्याशी मी सहमत आहे, म्हणून प्लॉटबद्दल पुन्हा लिहीत नाही. फ्लॅटचा हिशेब मात्र नीट मांडायला हवा, कारण १९ लाख हा आकडा अपुरा आहे.

३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते, परंतु दहा लाखांवरील घराच्या बाबतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरली जात नाही. ती खिशातूनच भरावी लागते. ही दोन्ही मिळून सुमारे सात टक्के धरली तर एक लाख तेहतीस हजार होतात. त्यावर वकिलाची फी, वीज मीटर, सोसायटीची ठेव आणि किरकोळ दुरुस्ती. पाच लाखांतून हे सगळे भागवून साधारण तीन लाख फ्लॅटला लावले, तर कर्ज १६ लाखांचे उरते. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता जवळजवळ १३,९०० रुपये बसतो. सत्तावीस हजारांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यात गेली, तर एखाद्या आजारपणातच घर डळमळते. मला हा भार तुमच्यासाठी जड वाटतो, आणि शिवणकामाचे उत्पन्न गृहीत धरून तो हलका मानू नये, कारण त्या कामाला हंगाम असतो.

तरीही फ्लॅट घ्यायचा ठरला तर दोन सवलती सोडू नका. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदानाचा भाग आहे : घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के दराने, जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतात. बुटीबोरी आणि सिंदी दोन्ही नगर परिषदा आहेत, हे तुमच्या पथ्यावर पडते. देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्के घर नसावे ही अट आहे. पण योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले, त्यामुळे वडिलांच्या नावावरचे गावचे घर तुम्हाला आड येऊ नये. हे बँकेकडून लेखी विचारून घ्या. मात्र वडिलांनी ते घर आधीच तुमच्या नावे करून दिले असेल तर अडचण येईल, म्हणून तो विषय सध्या जिथे आहे तिथेच राहू द्या.

दुसरी सवलत वहिनींच्या नावाची. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, म्हणजे या व्यवहारात १९ हजार रुपये वाचतात. तुम्ही सहकर्जदार राहू शकता. ही सूट राहत्या घराला किंवा सदनिकेला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही. पैशांपलीकडेही मला वाटते की ज्या घराच्या शिलकीत तिच्या मशीनची कमाई आहे, त्या घराच्या कागदावर तिचे नाव असावे.

फ्लॅटला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत पूर्ण होऊन राहण्यास योग्य असल्याचा दाखला, आहे का, हे विचारले का? ते असेल तर वस्तू व सेवा कर लागत नाही.

ओलावा

मी बांधकामाच्या क्षेत्रात आहे, म्हणून सिंदीच्या घराबद्दल लिहितो. तीन पर्यायांपैकी मला तेच सर्वांत जवळचे वाटते, पण आंधळेपणाने नाही.

आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. उथळ पायावरच्या भिंती तिच्याबरोबर दरवर्षी वर-खाली होतात. घर पाहायला जाल तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढणारी भेग शोधा. ती एकसारख्या जाडीची आणि जुन्या चुन्याने भरलेली असेल तर फारसे भय नाही. वरच्या टोकाला रुंद होत गेलेली आणि आतली कड ताजी, स्वच्छ दिसणारी असेल तर पाया अजून हलतो आहे. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे निघालेले आणि पांढरी खार आलेली असेल तर ओल वर चढते आहे. वासे आणि आडी यांना स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा, सागवान असेल तर टोक आत जाणार नाही, वाळवीने खाल्लेले असेल तर भसकन जाईल.

भिंती चांगल्या निघाल्या तर कवेलू काढून टीन टाकण्याची घाई करू नका. वैशाखात टिनाखाली मुलांना झोपवणे फार कठीण असते. फुटलेले कवेलू मृगापूर्वी बदलून घ्या आणि पाच-सात वर्षांनी, शिल्लक जमल्यावर, मागच्या अंगणात कॉलम घेऊन दोन पक्क्या खोल्या उभारा. पाया मुरमापर्यंत न्या, काळी माती काढून मुरूम भरा आणि प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची आडवी तुळई, टाळू नका. नगर परिषदेची बांधकाम परवानगी आधी घ्यावी लागेल.

कर्जाबाबत एक अडचण आहे. मातीच्या भिंतींच्या घराचे बँकेचे मूल्यांकन कमी येते, म्हणून आठ लाखांपैकी बँक किती देईल हे इसारापूर्वी विचारा.

समुद्रपूरकर

तिघांचेही मनापासून आभार. प्लॉटचा नाद सोडला, आज दलालाला तसे कळवले. सिंदीहून बुटीबोरीला पॅसेंजरने येता येते, दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीला मात्र दुचाकीच लागेल. ती अडचण आम्ही स्वीकारू शकतो. त्या घराची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) विक्रेत्याने दाखवली, त्यावर अजून त्यांच्या मृत वडिलांचेच नाव आहे. तीन भाऊ आहेत, त्यांपैकी एक सुरतला असतो. दोन भाऊ म्हणतात की आम्ही सही करतो, त्याचे आम्ही पाहून घेऊ. हे चालेल का?

वेणाकाठ

नाही, चालणार नाही. आधी आखीव पत्रिकेवर सर्व वारसांची नावे लागू द्या, मगच विक्रीपत्र. आणि फक्त भावांबद्दल विचारू नका, बहिणी किती आहेत आणि आई हयात आहे का हेही विचारा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे आणि लग्न झाले म्हणून तो जात नाही. आपल्याकडे मोडणाऱ्या बहुतेक व्यवहारांत न विचारलेली बहीणच पुढे आलेली असते, आणि तिचे म्हणणे रास्तही असते. एखादा वारस अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर त्याच्या हिस्स्यासाठी न्यायालयाची परवानगी लागू शकते, ते वकिलाकडून तपासून घ्या.

सुरतच्या भावाने रजिस्ट्रीच्या दिवशी स्वतः यावे हे सर्वांत उत्तम. येणे शक्यच नसेल तर त्याने सुरतच्या दुय्यम निबंधकासमोर मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावे, त्यात या घराचा क्रमांक आणि चतु:सीमा लिहिलेल्या असाव्यात. नोटरीचा कागद स्वीकारू नका. इसारपत्र करायचेच असेल तर ते सर्व वारसांच्या सह्यांनी करा, रक्कम धनादेशाने द्या आणि बँकेने कर्ज नाकारल्यास इसार पूर्ण परत मिळेल, हे वाक्य त्यात स्पष्ट शब्दांत घाला.