वर्गासाठी स्वस्त टॅब की मोबाइल? वापरलेल्यांनी अनुभव लिहा

खडूफळा
गावची पुण्या-मुंबईतली मंडळी यंदा जत्रेला आली आणि शाळेसाठी साठ हजार जमले. जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंत, पट ३८, शिक्षक आम्ही दोघं. शाळा व्यवस्थापन समिती म्हणते टॅब घ्या. दुकानदार आठ हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत काहीही पुढे करतो आणि प्रत्येक वेळी 'सर, शाळेला हाच चालतो' म्हणतो. कंपन्यांची नावं नकोत, मॉडेलं रोज बदलतात. वर्गात नेल्यावर काय झालं ते लिहा. वाईट आधी.

माणदेशी
आमच्याकडे दहा टॅब आले. टॅब बरे होते, प्लग नव्हते. ऑफिसात एकच बोर्ड, त्यातलाही एक प्लग ढिला. हिशेब केला तर वीज किरकोळ लागते: पाच हजार एमएएचची बॅटरी धरली तर दहा टॅब मिळून पाव युनिटच्या आसपास. पण दहा चार्जर लावायचे कुठे, आणि शाळेच्या वेळात वीज असेल तर ना! शेवटी गावच्या सुताराने प्लायची उभ्या खणांची मांडणी करून दिली, ताटं लावतात तशी. मागे वायरीला भोकं, बाजूला हवेला जाळी. टॅबवर आणि वायरीवर एकच नंबर रंगवला. चौथीची मुलं पाळीपाळीने लावतात-काढतात. साठ हजारांतले पाचेक हजार यासाठी बाजूला काढा, मगच टॅबची संख्या ठरवा.

सोल्डरिंग
माझं तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेचे टॅब येतात ते बहुतेक चार्जिंगच्या जॅकसाठी. जुनी बारीक पिन एकाच बाजूने जाते, पोरं उलटी दाबतात आणि आतली जीभ तुटते. टाइप-सी, म्हणजे दोन्ही बाजूंनी जाणारी पिन, असेल तरच घ्या. दुसरं, घेण्याआधी माझ्यासारख्याला विचारा की याचा डिस्प्ले मिळतो का. अनोळखी स्वस्त टॅबची काच फुटली की पार्टच येत नाही, मग नवा टॅब. सध्या खपणाऱ्या मोबाइलचा डिस्प्ले मात्र कुठल्याही बाजारात मिळतो.
आणि मे महिन्यात शून्य चार्जवर कपाटात ठेवू नका. अर्धा चार्ज करून बंद करा. पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नको. बॅटरी फुगून पाठ उचललेला टॅब कुणी पट्टीने दाबून बसवायला गेलं तर त्याला आधी थांबवा.

कोकणकडा
माझं उलट मत. एवढ्या पैशांत ४३ इंची टीव्ही घ्या आणि सरांचा मोबाइल जोडा. सगळ्या वर्गाला दिसतं, एकच प्लग लागतो.

चौथीच्या_बाई
@कोकणकडा, टीव्ही आमच्याकडेही आहे. मुलं बघतात, छान बघतात, आणि पुढच्या तासाला भागाकार तिथेच असतो. टॅबवर स्वतः उत्तर दाबावं लागतं, चुकलं की लगेच कळतं. मात्र चौघांत एक टॅब दिला की ज्याच्या हातात तो राजा, बाकीचे तीन प्रजा. मी नियम केला: धरणाऱ्याने उत्तर सांगायचं नाही, फक्त बाकीचे सांगतील ते दाबायचं, आणि प्रत्येक प्रश्नाला टॅब उजवीकडे सरकवायचा. एक गप्प राहणारी मुलगी आता 'थांब, हातचा राहिला' म्हणून ओरडते. प्रत्येकाला एक टॅब असता तर ती ओरडली असती असं मला वाटत नाही. त्यामुळे ३८ मुलांना नऊ-दहा पुरेत.
खिचडीनंतरचा तास टॅबला देऊ नका. तेलकट बोटांनी पडदा ऐकत नाही.

जुनाजाणता
'आकाश' आठवतो का कुणाला? २०११ साली आला, सरकारला साधारण २,२५० रुपयांना पडायचा. सात इंची, २५६ एमबी रॅम, आणि पडदा दाबाचा, म्हणजे नखाने रेटल्याशिवाय हलायचा नाही. कौतुक फार झालं, वापर बेताचा. तेव्हापासून मी किमतीच्या आधी रॅम विचारतो. आज २ जीबीवाला कुणी फुकट दिला तरी दोनदा विचार करीन. ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, याच्या खाली नको.

क्यूआर_वैतागला
कॅमेरा दुकानातच तपासा. सोबत बालभारतीचं पुस्तक न्या. स्वस्त टॅबच्या कॅमेऱ्याचा फोकस कितीदा एकाच जागी अडकलेला असतो. जवळ नेला की पुस्तकातला क्यूआर धूसर, लांब नेला की बारीक. आमच्या शाळेत एकाच मोबाइलवर कोड स्कॅन होतो. मग दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपमधला धडा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवायचा. वर्गात नेटच्या भरवशावर तास घेऊ नये. आणि स्क्रीन पिनिंग चालू करा, म्हणजे एकाच ॲपमध्ये टॅब अडकून राहतो, नाहीतर पहिलीचं पोरगं तिसऱ्या मिनिटाला सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा बदलून मोकळं होतं.

सातासमुद्रापार
कॅलिफोर्नियातल्या रविवारच्या मराठी शाळेत आम्ही शाळांनी काढून टाकलेली क्रोमबुकं, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणारे साधे लॅपटॉप, घेतो. स्वस्त पडतात, पण अपडेटची अंतिम तारीख पाहूनच. २०२१ नंतरच्या मॉडेलांना दहा वर्षं अपडेट आहेत. तुमच्याकडे कुणी जुने फोन दान देत असेल तर हीच पहिली चौकशी करा. ॲप 'या व्हर्जनसाठी उपलब्ध नाही' म्हणालं की दान अडगळीत गेलं.

खडूफळा
जुन्या फोनची एक पिशवी २०२० मध्ये आली होती, अजून तशीच आहे! @चौथीच्या_बाई, फुटला तर भरतं कोण?

चौथीच्या_बाई
खरी गोम तिथेच आहे. टॅब आला की डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढतो. बदलीच्या वेळी पदभार देताना एक कमी भरला की मुख्याध्यापकाच्या गळ्यात. म्हणून कितीतरी शाळांत टॅब खोक्यासकट कपाटात आहेत, तपासणी आली की बाहेर येतात. आम्ही खरेदीआधी समितीत ठराव घेतला: वर्गात वापरताना फुटला तर दुरुस्ती लोकवर्गणीच्या शिलकेतून, शिक्षकाकडून किंवा पालकाकडून वसुली नाही. दुरुस्त होण्यासारखा नसेल तर रीतसर निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून कमी करणं. सह्या झाल्यावरच टॅब वर्गात आले. मसुदा हवा असेल तर सांगा, रात्री टंकून टाकते.