राजीनामा लिहून देण्याआधी

बरेच जण म्हणतात की आपल्याकडे बेकारी विमा नावाचा प्रकारच नाही. सरसकट सगळ्यांसाठी नाही, हे खरं. पण ज्यांच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 पासून आहे. सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के मिळायचे, 2020 मध्ये ते 50 टक्के केले. जास्तीत जास्त 90 दिवस, तेही आयुष्यात एकदाच. म्हणजे रोज 400 पडत असतील तर 200 च्या हिशोबाने फार तर 18,000. उधारी फिटेल, घर चालायचं नाही.

खरी मेख वेगळीच आहे. गैरवर्तनामुळे काढलं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर हा भत्ता मिळत नाही. आमचा भाचा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होता. काम कमी झालं तेव्हा मालकाने ‘हिशोब घ्यायचा तर आधी राजीनामा दे’ म्हणून सही घेतली, म्हणजे कागदावर पोरगा स्वतःहून गेला. आता काढलं मालकानेच, हे सिद्ध करायचं ओझं पोरावर. तेव्हा असला कागद पुढे आला तर काम बंद झाल्याचं कारण त्यावर लिहून घ्या, नाहीतर निदान मोबाइलवर फोटो तरी काढून ठेवा. दाव्यासाठी मालकाच्या सहीची वाट बघायची गरज नाही, ईएसआयच्या शाखेत थेट देता येतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या चार-सहा मागांच्या कारखान्यांचं काय? दहापेक्षा कमी माणसं, म्हणून बहुतेक ठिकाणी ईएसआयच नाही. त्यांच्यापुरतं ‘बेकारी विमाच नाही’ हे म्हणणं शंभर टक्के बरोबर.