कापसाच्या खोलीत खारीचं घरटं: पिल्लं मोठी होईस्तोवर थांबावं, असं माझं मत

दारव्ह्याकडची

आमचं घर कवेलूचं. मधल्या खोलीत दिवाळीपासून कापूस भरून ठेवला आहे, भाव चढेल म्हणून थांबलो आहोत. पंधरा दिवसांपासून उजाडलं की आड्याजवळ चिर्रचिर्र सुरू होते. परवा शिडी लावून वर चढले. आडं आणि कवेलूच्या सांदीत नारळाएवढा गोळा दिसला. आमचाच कापूस, पोत्याची सुतळी, आणि आत्याबाईंच्या जुन्या निळ्या लुगड्याचा काठ, बारीक चिंध्या करून विणलेला. आत तीन पिल्लं. डोळे मिटलेले, पाठीवरचे पट्टे जेमतेम उमटलेले. हातभर अंतरावर दिव्याची वायर कुरतडलेली, दोन बोटं तांबं उघडं पडलं होतं आणि त्या पांढऱ्या प्लॅस्टिकचा भुगा खाली कापसावर सांडलेला.

गावात मला तीन सल्ले मिळाले. दाण्यात औषध कालवून ठेव. चिकट पुठ्ठा लाव. आई बाहेर गेली की भोक बुजव. तिन्ही मला मान्य नाहीत. खारी घरातून गेल्याच पाहिजेत, त्यात मला शंका नाही. पण मारून नाही, आणि पिल्लं आत असताना भोक बुजवून तर मुळीच नाही. दीड-दोन महिने थांबायची माझी तयारी आहे. घरात या मताची मी एकटीच आहे. पटलं नाही तर स्पष्ट लिहा.

पऱ्हाटीवाला

ताई, राग मानू नका, पण स्पष्टच लिहितो. काहून थांबता? खार म्हणजे झाडावरचा उंदीरच. उंदराला औषध घालताना कोणी पिल्लं मोजत नाही. आमच्या वावरात भुईमूग टोबला की दुसऱ्या दिवशी तासातले दाणे उकरलेले असतात. तुरीच्या शेंगा सोलून टाकतात. वानर हाकला, रोही हाकला, रात्री डुकरासाठी जागली करा, आणि घरी आलं तं आड्यावर खार बसलेली. दया सगळी शेतकऱ्यानंच करायची काय? रानडुकरानं पीक खाल्लं तं पंचनामा तरी होतो. तुमच्या वायरीचा अन् कापसाचा पंचनामा कोणी करून देणार नाही.

2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. त्यात कापसात लेंड्या अन् मुताचा वास आला तं व्यापारी काय भाव पाडंल, ते तुम्हाला सांगायला नको.

निंबोळी

मी दोघांच्याही विरुद्ध लिहिते आहे. काढायच्याच कशाला? आमच्या आजीच्या घरी माजघराच्या वर खारी पिढ्यान्पिढ्या राहत. सेतू बांधताना वाळू वाहणाऱ्या खारीच्या पाठीवर रामानं बोटं फिरवली, ते पट्टे, हे आजी आम्हाला दाखवून दाखवून सांगायची. त्या घरात खारीवर कोणी हात उगारला नाही. अंगणातला कडुनिंब तोडला, बोर तोडली, सांदवाडीत सिमेंट टाकलं, मग ती जाणार कुठे? थोडा कापूस नेला तर नेला. घर तिचंही आहे.

गावचा वायरमन

निंबोळीताई, तुमच्या भावनेचा मान आहे, पण मी रोज हेच काम करतो म्हणून लिहितो. कापूस भरलेल्या खोलीत उघडं तांबं म्हणजे काय, ते ज्यानं गंजी जळताना पाहिली त्याला विचारा. कापसाची आग वरून विझली तरी आत धुमसत राहते, आणि दोन दिवसांनी पुन्हा पेटते.

लोकांना वाटतं खार वायर खाते. खात नाही. तिचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला ती काहीही कुरतडते. वायर हाताशी आली की वायर, नाहीतर फाटा. म्हणून वायरीला तिखट लावणं, डांबराच्या गोळ्या टांगणं, यानं आठवडाभर फरक पडतो, मग जैसे थे.

दारव्ह्याच्या ताईंना माझं सांगणं: थांबायचं असेल तर थांबा, पण त्या खोलीची लाईन आजच तोडा. नुसता दिवा बंद करून चालत नाही, मेनकडून येणारी फेजच काढून घ्या. आणि घरात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तर पडते. वायर थोडी थोडी गळत असेल, ओल्या लाकडातून करंट जात असेल, तर तिला कळत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. माणसाचा जीव तीच वाचवते. नवी वायर टाकाल तेव्हा आड्यावरून लोखंडी पाइपातून घ्या.

तरीपण माझं मत पऱ्हाटीवालाभाऊंच्या बाजूचं आहे. दोन महिने ही जोखीम मी माझ्या घरात घेतली नसती.

दारव्ह्याकडची

वायरमनदादा, कालच लाईन काढून घेतली. तुमचं हे म्हणणं आधी कोणी सांगितलं नव्हतं. कापूसही आड्याखालून ओढून दुसऱ्या भिंतीला लावला, वरून ताडपत्री टाकली. संध्याकाळी खोलीत टॉर्च घेऊन जातो. म्हणजे जी जोखीम तुम्ही म्हणता ती वायरीची होती, आणि वायर आता मेलेली आहे. उरतं काय? तीन पिल्लं आणि दीड-दोन महिने.

पऱ्हाटीवालाभाऊ, वावरातलं नुकसान मी नाकारत नाही. आमचाही भुईमूग गेला आहे. पण घरट्यातला कापूस मी डोळ्यांनी पाहिला, ओंजळभर. त्याच्यापायी घरात विष आणायला मी तयार नाही. उंदराच्या औषधातलं झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लात मिसळलं की विषारी वायू होतो, त्याला उतारा नाही. ते दाण्यात कालवून मी ठेवायचं कुठे? कोंबड्या अंगणात, मांजर माळ्यावर, आणि माझी चार वर्षांची पोरगी कापसाच्या ढिगावर उड्या मारते. 2017 साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. त्यातलं एक घर आमच्या नात्यातलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे फवाऱ्याचा डबाही घरात येत नाही.

निंबोळीताई, तुमच्याशी मात्र मी पूर्ण असहमत आहे. मागच्या पावसाळ्यात याच आड्यावरून धामण लोंबकळताना आत्याबाईंनी पाहिली. धामण विषारी नाही, हे मला माहीत आहे. पण साप अंड्या-पिल्लांच्या वासानं चढतो, आणि धामणीला जी वाट सापडते ती नागालाही सापडते. घर खारीचं नाही. खारीला झाड आहे.

वरूडची संत्राबाग

चिकट पुठ्ठ्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. मी लावला होता. खार चिकटली ती सकाळी सातला. मला कळलं अकराला. चार तासांत तिनं एका बाजूचं सगळं कातडं ओढून काढलं होतं आणि तोंड डिंकात रुतलं होतं. श्वास चालू होता. गोडं तेल लावून सोडवायचा प्रयत्न केला, माझ्या हातातच गेली. ज्यांना मारायचीच आहे त्यांनीही हे करू नये.

मग मी पिंजरा लावला. एक धरली, गाडीवरून सात किलोमीटर दूर जंगलात सोडली आणि मोठं पुण्य केल्यासारखं घरी आलो. तिसऱ्या दिवसापासून माळ्यावरून वास येऊ लागला. तिची पिल्लं वर होती. ताईंचं थांबणं बरोबर आहे, ते मी या वासामुळे सांगतो. भोक बुजवलं तरी हेच होतं, कवेलू उतरवल्याशिवाय मेलेलं पिल्लू हाती लागत नाही.

आणि भाऊ, खार म्हणजे उंदीर नाही, निदान कायद्यात तरी नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर उपद्रवी म्हणून पाचव्या अनुसूचीत वेगळे काढले होते आणि पाच पट्ट्यांची खार चौथ्या अनुसूचीत नावानिशी होती. 2022 च्या दुरुस्तीत अनुसूच्यांची फेरमांडणी झाली. पण ‘शिकार’ या शब्दात पकडणं, फासा लावणं, विष घालणं हे सगळं त्या कायद्यानं धरलं आहे. माझा पिंजराही त्यात बसतो, हे मला नंतर वनरक्षकानं समजावलं.

पऱ्हाटीवाला

कायदा लिहिणाऱ्याच्या घरी कापूस नसते. पण पुठ्ठ्याचं वाचून वाईट वाटलं, तो मी लावणार नाही. बाकी माझं म्हणणं तेच आहे. पिल्लं मोठी झाली तरी ती जाणार कुठं? तुमच्याच आड्यावर दुसरं घरटं करतील. एकाच्या चार होतील. थांबल्यानं प्रश्न सुटत नाही, वाढते.

वरूडची संत्राबाग

थांबून नुसतं बसलं तर वाढतोच, खरं आहे. खार वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा विते. म्हणून पिल्लं बाहेर पडू लागली की त्याच आठवड्यात बुजवायचं. उंदराचं भोक रात्री बुजवतात, कारण तो रात्री बाहेर असतो. खारीचं उलटं. ती दिवसाची, रात्री घरट्यात झोपते. सकाळी नऊ-दहाला सगळ्या चरायला गेल्या की कामाला लागायचं. आधी दोन-तीन दिवस प्रत्येक भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून पाहायचा. बोळा जागचा हलला नाही तर आत कोणी नाही. जाळी अर्ध्या इंचाची, लोखंडी, वेल्डिंगची. मच्छराची जाळी ती एका दुपारी फाडते. कवेलूवर टेकलेल्या फांद्या सहा-सात फूट मागे छाटायच्या.

निंबोळी

फांद्या छाटा, पण झाड ठेवा, एवढंच माझं मागणं. दारव्ह्याकडच्या ताई, सापाचं वाचून मी विचारात पडले. आजीच्या घरी लहान पोर नव्हतं, कापूस नव्हता. तरी खारीला झाड आहे असं तुम्ही म्हणता, तर ते झाड नक्की आहे का, हे बुजवायच्या आधी पाहा.

दारव्ह्याकडची (सात आठवड्यांनी)

झाड आहे, ताई. घरामागे कडुनिंब आणि त्याला लागून चिंच.

गेल्या सोमवारी तिन्ही पिल्लं कवेलूवर ऊन खात बसलेली दिसली. आईइतकीच, शेपटी तेवढी अजून बारीक. बोळे लावून पाहिले. तीन भोकांतले दोन बोळे जसेच्या तसे, तिसरा रोज सकाळी खाली पडलेला. गुरुवारी सकाळी साडेनऊला चारही खारी चिंचेवर पाहून घेतल्या आणि मगच माझ्या नवऱ्यानं कवेलू काढले. घरटं रिकामं होतं. ते मी फेकलं नाही, चिंचेच्या बेचक्यात नेऊन ठेवलं. त्याला हात कोणी लावला नाही. जाळी वळचणीला आणि छपराच्या दोन्ही टोकांच्या तिकोनांना मारली.

त्या संध्याकाळी आई कवेलूवर आली. जुन्या भोकाजवळ फिरली, जाळीवर दात लावले, त्याचा आवाज आम्ही आत बसून ऐकत होतो. आत्याबाई म्हणाल्या, “जाऊ दे वं बाई, नको पाहू.” अंधार पडायच्या आधी ती कडुनिंबावर गेली. शुक्रवारीही आली. शनिवारपासून नाही.

कापूस अजून घरातच आहे.

पऱ्हाटीवाला

माझं मत बदललं नाही, वावरात मी खारीला सोडणार नाही. पण यंदा कोठ्याच्या वर माझ्याकडेही आवाज येऊन राह्यला, अन् तिथं बैलाचं कुटार भरून आहे. जाळी किती फूट लागली?

दारव्ह्याकडची

आम्हाला अठरा फूट लागली. तुमची वळचण मोजून घ्या. कापायला पत्र्याची कात्री लागते, पकडीनं नीट कापत नाही. आणि भाऊ, आधी वर चढून पाहा, पिल्लं आहेत का.